व्यायाम तोच, धाप कमी आणि वजन अडकलेले : दर दहा-पंधरा किलोंनंतर परत येणाऱ्या अडचणीचे निवारण

तीस-चाळीस किलो वजन उतरवायचे ठरवून व्यायामाला लागलेल्या बहुतेकांना ही अडचण एकदा नव्हे, तर अनेकदा गाठते. ज्या पाऊण तासाच्या चालण्याने सुरुवातीला धाप लागत असे, कपडे घामाने भिजत असत आणि दर आठवड्याला वजनकाटा थोडा तरी खाली येत असे, तेच चालणे काही महिन्यांत अंगवळणी पडते आणि काटा एका आकड्यावर ठाण मांडून बसतो. मग वेळ वाढवली जाते, काही आठवडे बरे जातात आणि आणखी दहा-पंधरा किलो उतरले की पुन्हा तोच पेच उभा राहतो.

अशा वेळी चहूकडून एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे जोर वाढवण्याचा. हा सल्ला कधी बरोबर ठरतो, तर कधी साफ उलटा पडतो, कारण या एकाच लक्षणामागे तीन निरनिराळी कारणे असू शकतात. पहिले कारण असे की शरीर हलके झाल्यामुळे त्याच कामाला आता कमी ऊर्जा लागते. दुसरे असे की हृदय, फुप्फुसे आणि स्नायू सक्षम झाल्यामुळे जुना व्यायाम त्यांना व्यायामच वाटत नाही. तिसरे कारण नेमके विरुद्ध बाजूचे आहे : शरीर थकलेले आणि दीर्घकाळ कमी खाण्याने रिते झालेले असते, व्यायामाची वेळ पाळली जाते, पण त्यात जोर उरलेला नसतो. पहिल्या दोन कारणांवर व्यायाम वाढवणे हा उपाय आहे आणि तिसऱ्यावर तो कमी करणे हा. म्हणून काहीही बदलण्यापूर्वी आपण यांपैकी कोठे आहोत हे तपासणे आवश्यक आहे आणि ते घरच्या घरी तपासता येते.

निदानासाठी ठरावीक चाल

एक सपाट वाट किंवा ट्रेडमिलवरचा एक ठरावीक वेग निवडावा आणि वीस मिनिटांची एकच चाल दर चार ते सहा आठवड्यांनी, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी, चहा-कॉफी न घेता आणि आदल्या दिवशी जड व्यायाम न करता चालावी. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीची नाडी, चाल संपते त्या क्षणाची नाडी आणि थांबल्यानंतर बरोबर एका मिनिटाने मोजलेली नाडी, असे तीन आकडे वहीत नोंदवावेत. त्याच ओळीत त्या दिवशीचे वजन, आदल्या रात्रीची झोप आणि चाल किती कठीण वाटली याचा शून्य ते दहामधला एक अंक लिहावा. मनगटावरचे घड्याळ नाडी दाखवत असले तरी चाल संपल्यावर एकदा मनगटावर किंवा मानेवर बोटे ठेवून मोजून पाहावे, कारण पट्टा सैल असेल तर घड्याळाचा आकडा बराच चुकतो. वजन उतरल्यावर मनगटही बारीक होते आणि पट्टा सैल पडल्याचे लवकर ध्यानात येत नाही.

सकाळची नाडी आणि चालीच्या शेवटची नाडी या दोन्ही मागच्या नोंदीपेक्षा खाली आल्या असतील आणि एका मिनिटात नाडी पूर्वीपेक्षा अधिक उतरत असेल, तर तंदुरुस्ती वाढली आहे. वजन लक्षणीय घटले आहे, पण नाडीचे आकडे जेमतेम हलले आहेत, असे असेल तर मुख्यतः भार कमी झाला आहे. सकाळची नाडी काही दिवस सलग नेहमीपेक्षा पाच-दहा ठोक्यांनी वर राहत असेल, तीच चाल अधिक कठीण वाटत असेल, झोप बिघडली असेल आणि चिडचीड होत असेल, तर तिसऱ्या कारणाचा संशय घ्यावा. ताप किंवा अन्य आजार नाही ना, हेही तेव्हाच पाहावे. छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा थोड्याशा श्रमाने श्वास कोंडणे ही लक्षणे या तपासणीच्या कक्षेत येत नाहीत. ती दिसल्यास व्यायाम थांबवून डॉक्टरांकडेच जावे.

हलक्या शरीराचे गणित

चालण्याला लागणारी ऊर्जा शरीराच्या वजनाच्या प्रमाणात असते. सपाट जमिनीवर ताशी ५ किलोमीटर वेगाने चालताना, स्वस्थ बसण्यापेक्षा अधिकचा म्हणून दर किलो वजनामागे दर मिनिटाला सुमारे ८.३ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो आणि एक लिटर ऑक्सिजनमागे अंदाजे ५ कॅलरी खर्च होतात. हे दोन आकडे धरले, तर ११० किलो वजनाच्या व्यक्तीचा पाऊण तासाच्या चालण्यातला अधिकचा खर्च सुमारे २०५ कॅलरी येतो आणि तीच व्यक्ती ८५ किलोंची झाल्यावर सुमारे १६० कॅलरी. चालण्यात कोणतीही कुचराई झालेली नसताना दररोज ४५ कॅलरी हातातून निसटतात. ट्रेडमिलमध्ये आणि घड्याळात वजनाचा जुनाच आकडा भरलेला असेल, तर ही घट दिसतही नाही. यंत्र बापडे ११० किलोंचाच हिशेब सांगत राहते. म्हणून दर पाच किलोंनंतर तो आकडा बदलणे हा या साऱ्या निवारणातला सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

गेलेला खर्च भरून काढण्याचे तीन मार्ग आहेत आणि ते सारख्या किमतीचे नाहीत. वेळ वाढवून भरपाई करायची, तर ४५ मिनिटांची ५८ मिनिटे करावी लागतात. वेग वाढवून करायची, तर सपाटीवर ताशी ५ किलोमीटरवरून जवळजवळ साडेसहावर जावे लागते आणि तो वेग चालणे व धावणे यांच्या सीमेच्या बराच जवळ जातो. चढ वापरायचा, तर त्याच वेगाने, त्याच वेळात, अवघा दीड ते दोन टक्क्यांचा चढ पुरतो, म्हणजे शंभर मीटर चालताना दीड-दोन मीटर वर जाणे. पाच टक्के चढावर तर हाच अधिकचा खर्च सपाटीच्या जवळजवळ दुप्पट होतो. माझ्या मते वेगापेक्षा चढ आधी वाढवावा. त्यात पायांवर आदळण्याचा भार फारसा वाढत नाही, वेळ वाढत नाही आणि मांडीच्या मागच्या बाजूचे व कुल्ल्यांचे स्नायूही कामाला लागतात. मात्र टाचेच्या वरची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर) आणि पोटऱ्या चढाला सरावलेल्या नसतात, म्हणून एकेक टक्का वाढवावा आणि प्रत्येक वाढीनंतर निदान आठवडाभर थांबावे.

चढाचा उपाय बहुधा एका साध्या गोष्टीने फसतो. ट्रेडमिलचा चढ सहा-सात टक्क्यांवर नेला जातो, पाय मागे ओढले जाऊ लागतात आणि हात नकळत पुढच्या दांडीवर जातात. कोपर ताठ होतात, अंग मागे रेलते आणि पट्ट्याशी शरीराचा कोन पुन्हा सपाटीवर असावा तसाच होतो. पडद्यावर सात टक्के दिसतात, पण पायांना तितका चढ पोहोचत नाही. दांडी सोडून ज्या चढावर चालता येते, तोच आपला चढ होय. तोल जाण्याचे भय असेल, तर दांडीवर बोटे नुसती टेकवावीत, भार टाकू नये.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. संशोधक रूडॉल्फ लाइबेल, मायकेल रोझेनबॉम आणि ज्यूल्स हर्श यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की वजन दहा टक्के किंवा त्याहून अधिक घटले, की शरीराचा एकूण ऊर्जाखर्च वजनातल्या घटीवरून अपेक्षित होता त्याहूनही खाली येतो. पुढच्या संशोधनात असेही आढळले की ही काटकसर हलक्या हालचालींत विशेष दिसते. संथ गतीने सायकल मारण्याचे तेच काम वजन घटलेले स्नायू पूर्वीपेक्षा कमी ऊर्जेत उरकतात. सारा व्यायाम हलक्या पट्टीतच ठेवणाऱ्याचे वजन अडकण्यामागे हेही एक कारण असू शकते. म्हणून आठवड्यातला थोडा भाग तरी अधिक तीव्रतेचा असावा.

तीव्रता कशी मोजावी

तंदुरुस्ती वाढलेल्यांची नेहमीची गफलत म्हणजे नाडीचा जुना आकडा धरून बसणे. ४५ वर्षांच्या व्यक्तीची कमाल नाडी, २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करण्याच्या सूत्राने, सुमारे १७६ येते. सुरुवातीला तिची विश्रांतीची नाडी ८४ होती आणि चालताना ती १३० होत असे, तर विश्रांती आणि कमाल यांच्यामधल्या ९२ ठोक्यांपैकी ४६, म्हणजे बरोबर निम्मे, ती वापरत होती. वर्षभराने विश्रांतीची नाडी ६८ झाली आणि तेच चालणे १०८ वर होऊ लागले, तर आता १०८ पैकी ४०, म्हणजे ३७ टक्केच वापरले जातात. मध्यम तीव्रता ४० टक्क्यांपासून सुरू होते असे धरतात, म्हणजे तिचा नित्याचा व्यायाम तिच्याही नकळत हलक्या गटात जमा झाला. पुन्हा निम्म्यावर जायला तिला १३० नव्हे, तर १२२ पुरेत. ६० टक्क्यांसाठी १३३ लागतील.

वयावरून काढलेली कमाल नाडी व्यक्तीगणिक दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडेतिकडे होते, त्यामुळे आकड्याला संभाषणाची जोड द्यावी. मध्यम तीव्रतेत पूर्ण वाक्ये बोलता येतात, पण गाणे म्हणता येत नाही. तीव्र व्यायामात चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील औषध चालू असेल, तर नाडी औषधानेच दाबलेली असते. अशांनी नाडीची सूत्रे बाजूला ठेवून बोलण्याच्या कसोटीवरच चालावे.

तीव्रता वाढवताना सगळे दिवस जड करू नयेत. आठवड्यात चालण्याचे पाच दिवस असतील, तर दोन दिवशी मधून मधून जोर लावावा : तीन मिनिटे नेहमीची चाल, एक मिनिट चढावर किंवा वेगाने, असे सहा-सात फेरे. उरलेले तीन दिवस निवांत राहू द्यावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूबळाचा व्यायाम सांगितला आहे. ३०० मिनिटांच्या आसपास पोहोचल्यावरही केवळ वेळच वाढवत राहणे मला व्यवहार्य वाटत नाही. तेथून पुढे वेळेचे ओझे दिवसाच्या इतर कामांवर पडते आणि पुष्कळदा व्यायामच सुटतो.

पुश-अप वाढले म्हणजे ताकद वाढलीच असे नाही

स्नायूबळाच्या व्यायामात वजन घटल्याचा परिणाम सर्वांत फसवा असतो, म्हणून येथे थोडे रेंगाळणे भाग आहे. साध्या पुश-अपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाचा अंदाजे दोन-तृतीयांश भार येतो. ११० किलोंच्या व्यक्तीसाठी तो सुमारे ७३ किलो आणि ८५ किलोंच्या व्यक्तीसाठी सुमारे ५७ किलो. पूर्वी जेमतेम आठ पुश-अप होत होते आणि आता सतरा होतात, याचा आनंद रास्तच आहे, पण दरम्यान हातांवरचे सोळा किलो उतरलेले आहेत. याच काळात छाती-दंडांचे स्नायू थोडे घटले असले, तरी मोजणीचा आकडा वाढतच राहील. खुर्चीतून उठणे, जिने चढणे, पायऱ्यांवर चढउतार करणे या साऱ्यांचे असेच होते.

म्हणून निदान एक-दोन व्यायाम असे ठेवावेत, ज्यांतले वजन आपल्या शरीरावर अवलंबून नसते, उदाहरणार्थ डंबेल खांद्यावरून वर ढकलणे, डंबेल कमरेकडे ओढणे किंवा यंत्रावर पायांनी वजन लोटणे. त्यांचे आकडे टिकले किंवा वाढले, तर स्नायू शाबूत आहेत असे समजावे. पुश-अप वाढत आहेत, पण डंबेलचे वजन दोन-तीन आठवडे सलग कमी करावे लागत आहे, असे दिसल्यास घटणाऱ्या वजनात स्नायूंचाही वाटा जात आहे अशी शंका घ्यावी. केवळ खाणे कमी करून वजन उतरवले, तर उतरलेल्या वजनाचा ढोबळमानाने पाव भाग चरबीखेरीज इतर ऊतींचा असू शकतो. स्नायूबळाचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने यांनी तो कमी ठेवता येतो. वजन घटवण्याच्या काळात दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने हा सामान्यतः सांगितला जाणारा पल्ला आहे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र तो स्वतःहून अवलंबू नये.

वजन वाढवण्याची वेळ ओळखण्याचा एक जुना आणि भरवशाचा नियम आहे : शेवटच्या सेटमध्ये (सलग केलेल्या आवर्तनांच्या गटात) ठरल्यापेक्षा दोन रेप्स (आवर्तने) अधिक, आणि त्याही या व्यायामाच्या लागोपाठच्या दोन सत्रांत जमल्या, की वजन वाढवावे. वाढ दोन ते दहा टक्क्यांत असावी, लहान स्नायूंसाठी दोनच्या बाजूला आणि पायांसाठी दहाच्या बाजूला. पुढचा डंबेल एकदम जड असेल, तर आधी रेप्स वाढवाव्यात, खाली येण्याची गती संथ करावी किंवा एक सेट वाढवावा. शरीराच्याच वजनावर करायच्या व्यायामांना उतरलेला भार परत देण्याचाही मार्ग आहे. पाठीवरच्या पिशवीत दोन-चार किलो घेऊन पायऱ्या चढता येतात किंवा स्क्वॉट करता येतात, मात्र गुडघे आणि कंबर दुखत नसतील तरच.

गुडघे गप्प झाले म्हणून धावू नये

स्टीफन मेसियर आणि सहकाऱ्यांनी गुडघ्यांचा संधिवात असलेल्या वजनदार प्रौढांचा अभ्यास करून २००५ मध्ये मांडले की शरीराचे एक किलो वजन कमी झाल्यास प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. गुडघेदुखी विरते ती यामुळे आणि नेमक्या याच सुमारास धावण्याची हुक्की येते. दम आणि हृदय काही आठवड्यांत सुधारतात, कंडरा आणि हाडे मात्र नव्या भाराला जुळवून घ्यायला महिने घेतात. त्यामुळे छातीला सहज झेपलेले धावणे नडगीला, टाचेला किंवा तळपायाला झेपत नाही आणि दुखणे निघते ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, सगळे सुरळीत चालले आहे असे वाटत असताना.

धावायचेच असेल, तर आधी तासभर वेगाने चालणे कोणत्याही दुखण्याविना जमले पाहिजे आणि एका पायावर उभे राहून त्या पायाची टाच किमान वीस-एक वेळा उचलता आली पाहिजे. त्यानंतर एक मिनिट सावकाश धावणे आणि दोन-तीन मिनिटे चालणे, असे एकाआड एक दिवस करावे. सकाळी पहिले पाऊल टाकताना टाच दुखली किंवा नडगीच्या हाडावर एका ठिकाणी बोटाने दाबून कळ आली, तर त्या आठवड्यात धावणे बंद ठेवावे.

किरकोळ वाटणाऱ्या बाबीही पाहून घ्याव्यात. पावलांची सूज आणि मेद उतरल्याने बुटांचे माप बदलू शकते. सैल झालेल्या त्वचेची घडी घासून काळ्या-लाल चट्ट्यांचा त्रास होतो, त्याला अंगाबरोबर बसणारे कपडे उपयोगी पडतात. सायकलची गादी अचानक टोचू लागते, कारण बैठकीच्या हाडांवरचा मऊ थर गेलेला असतो. पोहणाऱ्यांना तर उलटाच अनुभव येऊ शकतो : चरबी पाण्यावर तरंगायला मदत करते, ती कमी झाल्यावर पाय बुडू लागतात आणि पूर्वी सोपे असलेले पोहणे कठीण होते. ही घसरण नव्हे.

चाचणी थकव्याकडे बोट दाखवत असेल तेव्हा

अशा वेळी एक आठवडा व्यायाम साधारण निम्मा करावा. दिवस तेच ठेवावेत, सेट आणि मिनिटे कमी करावीत, तीव्र फेरे वगळावेत. त्याच आठवड्यात खाणे फार तोडलेले नाही ना आणि झोप पुरी होते ना, हे पाहावे. व्यायामाच्या तासात जीव तोडून कष्ट करून उरलेला दिवस बसून काढण्याची सवयही याच अवस्थेत लागते आणि व्यायामाने मिळवलेला खर्च ती गुपचूप खाऊन टाकते. घड्याळातली दिवसभराची पावले व्यायामाच्या दिवशीच घटलेली दिसली, तर जादा व्यायाम निरुपयोगी आहे असे समजावे. निम्म्या व्यायामाच्या आठवड्यानंतर सकाळची नाडी पूर्ववत झाली, तर जुन्याच प्रमाणावरून पुन्हा सुरुवात करावी. ती वरच राहिली किंवा थकवा हटला नाही, तर रक्तातील लोह, थायरॉइड इत्यादी तपासण्यांसाठी डॉक्टरांना भेटावे.

औषधांबाबत एक सूचना येथे अत्यावश्यक आहे. वजन घटू लागले आणि व्यायाम वाढला, की रक्तदाबाची व मधुमेहाची जुनी मात्रा जास्त होऊ शकते. व्यायामानंतर उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येणे हे रक्तदाब फार उतरल्याचे आणि हात थरथरणे, दरदरून घाम फुटणे हे साखर उतरल्याचे लक्षण असू शकते. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायामाची तीव्रता वाढवण्यापूर्वीच मात्रेविषयी विचारून घ्यावे. मात्रा स्वतःहून बदलू नये किंवा गोळी बंद करू नये.

बदल केला, तरी काटा हलत नाही

नव्या व्यायामाने स्नायूंना सूक्ष्म इजा होते, एक ते तीन दिवस अंग दुखते आणि त्या भागात पाणी धरले जाते. शिवाय स्नायूंत ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवणीतल्या साखरेचा, साठा वाढला, की त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही साठते. त्यामुळे बदलानंतरचे पहिले दोन आठवडे वजन स्थिर राहणे किंवा किलोभर वाढणेही स्वाभाविक आहे आणि याच दोन आठवड्यांत घाबरून बहुतेक जण दुसरा बदल करतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, रोजच्या वजनाऐवजी आठवड्याची सरासरी पाहावी आणि कमरेचा घेर बेंबीच्या पातळीवर मोजून त्याच वहीत लिहावा. स्त्रियांनी मासिक पाळीच्या त्याच टप्प्यावरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत.

चार आठवड्यांनंतर सरासरी वजन आणि घेर दोन्ही जागच्या जागी असतील, ठरावीक चालीतली नाडी सुधारत असेल आणि डंबेलचे वजनही वाढत असेल, तर व्यायाम आपले काम चोख करत आहे. तेथे आणखी फेरे आणि आणखी मिनिटे जोडू नयेत. ११० किलोंच्या शरीरासाठी आखलेला आहार ८५ किलोंच्या शरीराला आता नुसता पुरतो आहे, म्हणून पुढचा बदल व्यायामाच्या वहीत नव्हे, तर ताटात करायचा आहे. तो किती करावा हे आहारतज्ज्ञाला याच नोंदी दाखवून ठरवावे.